अभिस्तर ऊतीची स्लाइड ओळखायची कशी : मराठी माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या पोरापोरींसाठी

पहिल्या वर्षाच्या स्पॉटिंगला, म्हणजे मांडलेल्या स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेला, माझ्यापुढं दहा मायक्रोस्कोप मांडलेले होते. श्वासनलिकेला मी 'स्ट्रॅटिफाइड कॉलम्नार' लिहिलं, मूत्राशयाला 'स्ट्रॅटिफाइड स्क्वॅमस', आणि एका स्लाइडवर तर फाटलेल्या भेगेलाच पोकळी समजून भलतंच काहीतरी खरडलं. दहापैकी तीन बरोबर आले. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "अरे, तू स्लाइड बघायलासच कुठं? नुसती यादी आठवायलास."

खरंच होतं ते. कोणती ऊती कुठल्या अवयवात असते हे मला घडाघडा पाठ होतं. पण भिंगाखाली गुलाबी-जांभळा पसारा दिसला की त्यात सुरुवात कुठून करायची, हेच ठाऊक नव्हतं. आता मी मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजीचा तंत्रज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमधून बरणीत आलेला तुकडा मेणात बसवायचा, कापायचा, रंगवायचा आणि डॉक्टरांपुढं स्लाइड ठेवायची, हा रोजचा धंदा. दरवर्षी शिकायला नवीन लेकरं येतात. कुणी डीएमएलटीचं (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा), कुणी नर्सिंगचं, मधूनच एखादं एमबीबीएसचं. बरेचसे परभणी, हिंगोली, बीडकडचे, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले. त्यांना मी जे तोंडी सांगतो, तेच इथं क्रमानं लिहितोय.

## १. आधी नावांची गाठ सोडवा

शाळेत आपण 'अभिस्तर ऊती' शिकलो. कॉलेजात पहिल्याच तासाला 'एपिथेलियम' येतं आणि निम्मा वर्ग गप्प होतो. गोष्ट तीच आहे. शरीराचा बाहेरचा पृष्ठभाग आणि आतल्या पोकळ्या, नळ्या यांना लागलेलं पेशींचं अस्तर.

वहीच्या पहिल्या पानावर ही जोडी लिहून ठेवा:

- सरल म्हणजे सिंपल, स्तरित म्हणजे स्ट्रॅटिफाइड
- पट्टकी म्हणजे स्क्वॅमस
- घनाभरूप म्हणजे क्यूबॉइडल
- स्तंभीय म्हणजे कॉलम्नार
- रोमक म्हणजे सिलिएटेड
- ग्रंथिल म्हणजे ग्लँड्युलर

'स्यूडोस्ट्रॅटिफाइड' आणि 'ट्रान्झिशनल' ही दोन नावं मला कॉलेजातच पहिल्यांदा भेटली, आणि त्यांनीच मला बुडवलं. त्यांच्याकडं पुढं सावकाश येऊ.

नाव वाचायची रीत एकच. पहिला शब्द थर किती ते सांगतो, दुसरा शब्द पेशीचा आकार सांगतो. थर अनेक असतील तर आकार सगळ्यात वरच्या थराचा धरायचा. स्तरित पट्टकीत तळाशी पेशी घनाभरूप असतात, मधे बहुकोनी असतात, वर चपट्या होतात. नाव मात्र वरच्यांवरून पडतं. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

(जाता जाता: एपिथेलियम हा शब्द फ्रेडरिक रुइश या डच शरीरशास्त्रज्ञाकडून आला. ग्रीकमध्ये 'एपि' म्हणजे वर, 'थेली' म्हणजे स्तनाग्र. तिथल्या नाजूक त्वचेसाठी काढलेलं नाव पुढं सगळ्याच अस्तराला चिकटलं. परीक्षेत कुणी विचारत नाही, पण मला हे कळल्यापासून शब्दाची भीती गेली.)

## २. जवळ काय काय ठेवायचं

- कॉलेजचं ओळखपत्र. स्लाइडची पेटी त्याच्याशिवाय हातात मिळत नाही.
- प्रॅक्टिकलचं जर्नल. त्याच आठवड्यात सही घ्या. वर्षाच्या शेवटी सह्यांसाठी मागं लागणारी पोरं मी दरसाल बघतो.
- अ‍ॅप्रन.
- एक गुलाबी आणि एक निळी-जांभळी रंगीत पेन्सिल. बाकी रंगांची पेटी घरीच राहू द्या.
- लेन्स पुसायचा खास कागद. रुमालानं किंवा ओढणीच्या टोकानं भिंग पुसलं की त्यावर कायमचे ओरखडे.
- छोटी वही, फक्त 'मी काय चुकलो' एवढंच लिहायला. जर्नलपेक्षा हीच जास्त कामाला येते.

मोबाइलवरची चित्रं बघायला माझी ना नाही. पण ती निवडून काढलेली, सरळ कापलेली, झकास रंगवलेली असतात. तुमच्या पेटीतली स्लाइड पंधरा वर्षं जुनी, फिकी पडलेली आणि तिरकी असणार. चित्रावर हात बसला आणि स्लाइडवर फसला, असं नको.

## ३. तुकडा काचेवर कसा येतो ते एकदा बघून घ्या

ही पायरी सगळे टाळतात. स्लाइडवर दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींचं उत्तर मात्र इथंच आहे.

तुकडा आधी दहा टक्के फॉर्मालिनमध्ये मुरतो. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून जातो, म्हणजे त्यातलं पाणी निघतं. मग झायलीन, मग साठेक अंशांवरचं वितळलेलं मेण. मेण थिजलं की ठोकळा तयार. तो मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, चार-पाच मायक्रॉन जाडीचा कापायचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाइतका. कापलेली फीत कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेनं अलगद उचलायची. शेवटी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. पहिल्यानं केंद्रकं निळी-जांभळी होतात, दुसऱ्यानं बाकीचं गुलाबी.

मे महिन्यात आमच्याकडं पारा त्रेचाळीसवर गेला आणि लाइट गेली की मेण मऊ पडतं. फीत सरळ निघायच्या ऐवजी गोळा होते, सुरकुतते. म्हणून ठोकळे बर्फाच्या ट्रेवर पालथे घालून ठेवतो आणि एकेक उचलून कापतो. तरी एखादी सुरकुती राहतेच. स्लाइडवर ती गडद पट्ट्यासारखी दिसते आणि नवखा पोरगा म्हणतो, "सर, इथं थर जास्त आहेत." थर जास्त नाहीत बाबा, उन्हाळा जास्त आहे.

दुसरं, अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते. म्हणून चरबीच्या पेशी रिकाम्या बुडबुड्यांसारख्या दिसतात. गॉब्लेट पेशीतला चिकट स्रावही नेहमीच्या रंगाला फारसा दाद देत नाही, तोही फिका, पांढुरका दिसतो. पांढरं दिसलं की लगेच 'गॉब्लेट' लिहू नका. गॉब्लेट पेशी अस्तराच्या रांगेत उभी असते, वर पेल्यासारखी फुगलेली आणि खाली केंद्रक दबलेलं. चरबी अस्तराच्या खाली, संयोजी ऊतीत घोळक्यानं पडलेली असते.

## ४. सगळ्यात आधी मोकळी कड शोधा

चारच्या, म्हणजे चारपट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर सुरुवात करा. एकदम चाळीसवर उडी मारणारा हमखास हरवतो. चारवर स्लाइड सावकाश फिरवा आणि मोकळी, रिकामी जागा कुठं आहे ते बघा. अभिस्तराची एक बाजू नेहमी मोकळी असते: हवेकडं, अन्नाकडं, लघवीकडं, रक्ताकडं. दुसरी बाजू पायाच्या पातळ पडद्यावर, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेनवर टेकलेली असते. त्या पडद्याखाली संयोजी ऊती आणि तिच्यात रक्तवाहिन्या.

अभिस्तरात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, खालून झिरपून येईल त्यावर त्याचं पोट. म्हणून तर बोराटीत हात घातल्यावर वरवर ओरखडा उठतो, पण रक्त येत नाही. रक्त आलं म्हणजे काटा अस्तर ओलांडून खाली गेला. स्लाइडवर हीच खूण उलटी वापरा: जिथं केशवाहिन्या दिसताहेत तो भाग अभिस्तराचा नाही, त्याच्या खालचा आहे.

फसायची जागा: भेग आणि पोकळी. कापताना किंवा वाळताना ऊती फाटते आणि तिथंही रिकामी जागा दिसते. भेगेच्या दोन्ही काठांवर फाटलेले तंतू दिसतात, पेशींची शिस्तीतली रांग नसते. पोकळीच्या काठावर ती असतेच. मी जिथं आपटलो ती स्लाइड हीच.

## ५. थर मोजा, पण सरळ कापलेल्या जागी

मोकळी कड सापडली की दहाचं भिंग लावा आणि पायापासून कडेपर्यंत किती केंद्रकं एकावर एक आहेत ते मोजा. एकच ओळ असेल तर सरल. पुष्कळ असतील तर लगेच 'स्तरित' लिहू नका, आधी काप तिरका गेलाय का ते बघा.

मक्याचं कणीस घ्या. दाण्यांचा थर एकच असतो. मधोमध आडवं कापलं तर चकतीच्या कडेला दाण्यांची एकच रांग दिसते. पण सुरी कणसाच्या अंगाला घासून तिरकी मारली तर निघालेल्या कापात दाणेच दाणे, चार-पाच ओळी. कणीस तेच. आतड्याच्या स्लाइडवर नेमकं हेच होतं, कारण तिथले उंचवटे सगळ्या दिशांना वाकलेले असतात आणि काप एखाद्यालाच बरोबर मधोमध भेटतो. म्हणून एकाच जागी अडकू नका. स्लाइड फिरवा आणि अस्तर जिथं सगळ्यात पातळ दिसतंय तिथं मोजा. तिरका काप थर वाढवून दाखवू शकतो, कमी करून नाही.

## ६. पेशीचा आकार केंद्रकाला विचारा

पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक पेशीभोवती ठसठशीत रेघ असते. खऱ्या स्लाइडवर बऱ्याचदा तसली रेघ दिसत नाही, ती शोधत बसू नका. केंद्रक बघा. चपटं, आडवं पडलेलं असेल तर पेशी पट्टकी. गोल आणि मधोमध असेल तर घनाभरूप. अंडाकृती, उभं आणि तळाकडं असेल तर स्तंभीय.

मोजायला पट्टी लागली तर आसपास लाल रक्तपेशी शोधा. तिचा व्यास सात-आठ मायक्रॉन, म्हणजे ही स्लाइडवरच ठेवलेली फूटपट्टी.

## ७. वरच्या काठावर काय आहे

आता चाळीसचं भिंग. मोकळ्या कडेवर चारपैकी काहीतरी दिसेल:

- काहीच नाही, गुळगुळीत कड.
- सारखी, बारीक गुलाबी किनार. ही सूक्ष्म बोटांची, मायक्रोव्हिलायची. एकेक बोट जेमतेम मायक्रॉनभर उंच, म्हणून सुटं दिसत नाही. शोषून घ्यायचं क्षेत्र वाढवायचं हे तिचं काम.
- सुटे सुटे केस, मुळाशी गडद रेघ. हे रोमक, सिलिया. लांबी पाच ते दहा मायक्रॉन. हे हलतात, वल्ह्यासारखे.
- केंद्रक नसलेला, पापुद्र्यांचा गुलाबी थर. हे केराटिन.

'स्टिरिओसिलिया' हे नाव फसवं आहे. नावात सिलिया असलं तरी ते लांब वाढलेले मायक्रोव्हिलायच, हलत नाहीत. वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या एपिडिडिमिस नावाच्या नळीत ते असतात. तोंडी परीक्षेला हमखास येतं.

## ८. आता एकेक प्रकार

सरल पट्टकी. जिथून काहीतरी पटकन पलीकडं जायचं असतं तिथं. फुप्फुसातले वायुकोश, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर, फुप्फुस-हृदय-पोट यांच्याभोवतीचे पडदे. रक्तवाहिनीत असलं की त्याला एंडोथेलियम म्हणतात आणि पडद्यावर असलं की मेसोथेलियम. आकारात फरक नाही. वरून बघितलं तर आपल्याकडच्या जुन्या घरातली शहाबादी फरशी. पण स्लाइडवर तुम्ही वरून बघतच नाही, बाजूनं बघता, आणि बाजूनं ती सुतासारखी रेघ दिसते, मधूनमधून केंद्रकाची गाठ. फरशी शोधणाऱ्याला सुतळी दिसत नाही.

सरल घनाभरूप. मूत्रपिंडातल्या नलिका, थायरॉइडच्या पिशव्या. थायरॉइडची गंमत अशी की ग्रंथी सुस्त असेल तर पेशी चपट्या होतात आणि जोरात कामाला लागली की उंच. म्हणजे आकार हा काही जातीचा दाखला नव्हे.

सरल स्तंभीय. जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंतचा सगळा रस्ता. जठराच्या पृष्ठभागावर गॉब्लेट पेशी नसतात. लहान आतड्यात दिसायला लागतात, पुढं पुढं वाढत जातात आणि मोठ्या आतड्यात गर्दी करतात. पित्ताशयातही स्तंभीयच, पण गॉब्लेट नाही. उंच पेशी, घड्या घड्या आणि एकही पेला नाही, असं दिसलं की पित्ताशयाचा विचार करा. गर्भनलिकेत यांच्यावरच रोमक असतात.

इथं रविवारची एक गोष्ट सांगतो. घरी वजडी आणली होती. बायको धूत होती आणि मी त्यातला टॉवेलसारखा खरखरीत भाग बोटांत धरून बसलो. ती म्हणाली, "काय बघायलाव तिथं? रस्सा करायचाय का परीक्षा?" तो भाग शेळीच्या पहिल्या, मोठ्या पोटाचा. आपल्या जठरात स्तंभीय अस्तर असतं, पण शेळीच्या त्या पोटात स्तरित पट्टकी, तेही केराटिनवालं. दिवसभर कडबा, काटे, चिपाडं आत जाणार म्हटल्यावर तिथं नाजूक अस्तर टिकणार कसं? त्या दिवसापासून मी शिकवताना अवयवाची यादी शेवटी सांगतो. आधी विचारतो, इथं घासतं काय, झिरपतं काय, ताणतं काय?

स्तरित पट्टकी. जिथं घासतं तिथं हे. दोन प्रकार: केराटिनवालं त्वचेवर, केराटिन नसलेलं गालाच्या आत, अन्ननलिकेत, योनिमार्गात. ओळखायचं एकाच गोष्टीवरून: सगळ्यात वरच्या पेशींत केंद्रक दिसतंय का. दिसलं तर केराटिन नाही. माझी माय हिवाळ्यात वज्रीनं टाचा घासते आणि न्हाणीच्या फरशीवर पांढरं भुसकट पडतं. ते सगळं मेलेल्या, केंद्रक हरवलेल्या पेशींचं. तळहात-तळपायाला हा थर सगळ्यात जाड, म्हणून भेगाही तिथंच पडतात. त्वचेचं अस्तर साधारण महिन्याभरात तळापासून नवं होऊन वर येतं. लहान आतड्याचं तर चार-पाच दिवसांतच.

स्तरित घनाभरूप घामाच्या नळ्यांत, दोन थरांचं. स्तरित स्तंभीय मोठ्या ग्रंथींच्या नळ्यांत आणि अशाच मोजक्या जागी. दोन्ही कमी भेटतात. नाव माहीत असावं, एवढंच.

स्यूडोस्ट्रॅटिफाइड. मराठीत आभासी स्तरित म्हणूया. लग्नातला फोटो आठवा. मांडवात सगळे एकाच जमिनीवर उभे, पण मामा उंच, आजी वाकलेली, लेकरं गुडघ्याएवढी. डोकी वर-खाली दिसतात म्हणून रांगा दोन-तीन वाटतात. पाय मात्र सगळ्यांचे जमिनीवर. या अस्तरात प्रत्येक पेशी पायाच्या पडद्याला टेकलेली असते, पण सगळ्यांची उंची कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून केंद्रकं वेगवेगळ्या पातळीवर येतात. श्वासनलिकेत आणि तिच्या मोठ्या फांद्यांत हेच अस्तर, वर रोमक आणि मधे गॉब्लेट.

स्लाइडवर पाय काही दिसत नाहीत, मग ओळखायचं कसं? रोमक बघा. केंद्रकं वर-खाली, कडेवर सुटे केस, आणि खाली जरा जाड, स्पष्ट पायाचा पडदा, ही त्रयी दिसली की श्वासनलिका. त्यात आसपास निळसर कूर्चेचं कडं दिसलं तर शंकाच नको.

या अस्तराचं काम बघायला मायक्रोस्कोपही लागत नाही. सोयाबीनची रास करताना दिवसभर मळणीयंत्रापुढं उभं राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी काळपट बेडका पडतो. गॉब्लेटनं चिकटा सोडला, धूळ त्यात अडकली आणि रोमकांनी ती रात्रभर घशाकडं ढकलत आणली. बिडी ओढणाऱ्याचे रोमक आधी मंदावतात, मग झडतात, आणि पुढं त्या जागी स्तरित पट्टकी अस्तर येतं. ते टिकाऊ, पण त्याला झाडता येत नाही, मग खोकून खोकूनच घाण काढावी लागते.

ट्रान्झिशनल. मूत्रपिंडाच्या कुंडापासून मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि मूत्रमार्गाच्या सुरुवातीपर्यंत. आजकाल याला युरोथेलियम म्हणतात आणि मला तेच नाव बरं वाटतं. जुन्या नावामुळं वाटतं, हे कशातून तरी कशात तरी बदलतंय. तसं काही नाही. मूत्राशय रिकामं असताना पाच-सहा थर आणि वरच्या पेशी घुमटासारख्या फुगलेल्या. भरलं, ताणलं की दोन-तीन थर आणि वरच्या पेशी चपट्या. आजोबांच्या काळच्या पखालीसारखं: रिकामी तेव्हा चुण्या, भरली की ताठ.

स्लाइडसाठीचा तुकडा बहुतेक वेळा आक्रसलेला असतो, म्हणून घुमटच शोधा. वरच्या पेशी मोठ्या, गोलसर, छत्रीसारख्या खालच्या चार-दोन पेशींवर पसरलेल्या, काहींत दोन-दोन केंद्रकं. स्तरित पट्टकीत वर जाताना पेशी चपट्या होतात, इथं मोठ्या आणि गोल होतात. मी गमावलेला गुण एवढ्याच फरकाचा होता.

ग्रंथींबद्दल थोडक्यात: अस्तरच खाली दबून आत शिरतं आणि ग्रंथी होते. नळी राहिली तर बहिःस्रावी, उदाहरणार्थ लाळग्रंथी. नळी तुटली आणि स्राव थेट रक्तात जायला लागला तर अंतःस्रावी, उदाहरणार्थ थायरॉइड. गॉब्लेट ही एका पेशीची ग्रंथी.

## ९. एकदा स्वतःच्या गालाची पेशी बघा

लागेल ते: काडीचं बोथट टोक किंवा इअरबड, स्वच्छ काचपट्टी, मिथिलीन ब्लू, कव्हरस्लिप. चूळ भरा, गालाच्या आतून हलकेच खरवडा, काचेवर फिरवा, वाळू द्या. एक थेंब रंग, मिनिटभर थांबा, पाण्यानं हळूच धुवा, कव्हरस्लिप ठेवा. काडी स्वतःपुरतीच, आणि लगेच टाकून द्या. रंग कपड्यावर सांडला तर जाता जात नाही.

दिसेल काय? मोठ्या, पातळ, बहुकोनी पेशी, कडा कुठं कुठं दुमडलेल्या, मधोमध छोटं निळं केंद्रक. इथं बहुतेक जण फसतात. पेशी सुट्या, फरशीसारख्या दिसतात म्हणून जर्नलमध्ये 'सरल पट्टकी' लिहितात. माझ्या नववीच्या वहीतही तोंडाच्या अस्तरापुढं तेच लिहिलेलं होतं. गालाचं अस्तर स्तरित आहे. तुम्ही फक्त त्याचा सगळ्यात वरचा पापुद्रा खरवडून काढलाय आणि तो आता वरून बघताय. खरवडलेल्या पेशींवरून आकार कळतो, थर कळत नाहीत. थर मोजायला काप लागतो.

## १०. रिपोर्टातली नावं यातूनच आलीत

घाटीहून (संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाईहून तुकड्याचा रिपोर्ट आला की गावाकडून फोन येतो, "भाऊ, काय लिहिलंय बघ की." निदान मी सांगत नाही, ते डॉक्टरांनीच सांगावं. पण नाव वाचता येणं तुम्हाला जमलंच पाहिजे. 'कार्सिनोमा' म्हणजे अभिस्तरातून उठलेला कर्करोग. 'स्क्वॅमस सेल' म्हणजे पट्टकी अस्तरातून, 'अ‍ॅडिनो' म्हणजे ग्रंथीच्या अस्तरातून, 'युरोथेलियल' म्हणजे मूत्राशयाच्या त्या घुमटवाल्या अस्तरातून.

आमच्या टेबलावर तोंडातले तुकडे बरेच येतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात, आणि तंबाखू तर उघडच आहे. चुना-तंबाखूचा बार जिथं रोज धरला जातो तिथं गालाचं अस्तर पांढरं, जाड होतं, आणि स्लाइडवर केराटिन दिसतं, जिथं ते असायला नको. म्हणून शिकताना 'इथं केराटिन नसतं' हे वाक्य नीट पाठ करा. पुढं रोग ओळखताना तेच कामी येतं.

## ११. स्पॉटिंगच्या दिवशी

परीक्षेत मायक्रोस्कोप हलवायची परवानगी नसते. जे दाखवलंय तेच बघायचं, म्हणून क्रम मोडू नका: कड, थर, वरच्या केंद्रकाचा आकार, काठावर काय. मग नाव. नावाखाली ओळखायच्या दोन खुणा लिहा, आणि त्या तुम्हाला दिसलेल्या असाव्यात. 'उंच पेशी, तळाशी अंडाकृती केंद्रकं, मधे फिक्या गॉब्लेट' असं लिहिलं आणि आतड्याचा भाग चुकला, तरी तपासणारा सहसा थोडे गुण देतो. नुसतं नाव लिहून चुकलात तर शून्य.

आणि परीक्षेआधी एक स्लाइड मागून घ्या: अन्ननलिका जिथं जठराला मिळते त्या जागेची. चारच्या भिंगावर अन्ननलिकेच्या बाजूनं सुरू करा आणि काठाकाठानं जठराकडं सरकत जा. जाड, स्तरित पट्टकी अस्तर चालत येतं, चालत येतं, आणि एका जागी तुटल्यासारखं संपतं. लगतची पेशी स्तंभीय. मधे बांध नाही, चर नाही. दहाचं भिंग लावून तिथं थांबा आणि दोन्हीकडची केंद्रकं मोजा. आमच्याकडं ही स्लाइड एकच आहे, कोपऱ्याचा टवका उडालेली. परत देताना माझ्या हातात द्या, ट्रेमध्ये ठेवू नका.